मांजराला चष्मा, कुत्र्याला फेटा : पाळीव प्राण्यांच्या गमतीदार फोटोवर ‘क्यूट’च्या पुढे काय सांगायचं?

सकाळी मोबाइल उघडला की कुठल्या ना कुठल्या ग्रुपवर असा एखादा फोटो असतोच. मांजराच्या नाकावर आजोबांचा चष्मा आणि समोर पेपर. कुत्र्याच्या डोक्यावर फेटा, गळ्यात उपरणं. सोफ्यावर पसरलेला लॅब्रॉडॉर आणि त्याच्या पंजाखाली टीव्हीचा रिमोट. त्यावर आपण काय लिहितो? ‘क्यूट’, ‘लय भारी’ आणि हसून हसून डोळ्यांत पाणी आलेल्या तीन इमोजी. झालं काम.

बहुतेक वेळा तेवढं पुरतं. पण कधी कधी समोरची व्यक्ती मनापासून विचारते, “कसा झालाय? स्पर्धेला पाठवू का? काय कमी वाटतंय?” तेव्हा पंचाईत होते. तोंडदेखलं कौतुक करून तिला काही मिळत नाही. नुसती नावं ठेवली तर ती पुन्हा फोटो दाखवणार नाही. शिवाय या सगळ्यात तिसरा एक पक्ष असतो, ज्याला कोणी काहीच विचारलेलं नसतं. तो म्हणजे फोटोतला प्राणी.

मुद्दाम जुळवून काढलेल्या अशा फोटोकडे कसं बघायचं, त्यात आधी काय तपासायचं आणि जे दिसलं ते न दुखावता कसं सांगायचं, हे समजून घेऊ.

हा प्रकार इन्स्टाग्रामच्या खूप आधीचा आहे

इंग्लंडमधल्या ब्रायटन शहरात हॅरी पॉइंटर (१८२२–१८८९) नावाचे फोटोग्राफर होते. सुरुवातीला ते मांजरांचे साधे फोटो काढायचे. पुढे १८७० च्या सुमारास त्यांनी मांजरांना तीनचाकी सायकलवर, रोलर स्केट्सवर, चक्क कॅमेऱ्यामागे बसवायला सुरुवात केली. साध्याशा फोटोखालीही एखादी ओळ किंवा शुभेच्छा लिहिली की त्याची गंमत वाढते, हे त्यांच्या लक्षात आलं. १८८४ पर्यंत या ‘ब्रायटन कॅट्स’ मालिकेत सुमारे २०० फोटो जमा झाले होते. आपल्या आजच्या मीमची ही पणजीच म्हणायची.

त्यानंतर अमेरिकेत पेनसिल्व्हेनियाच्या हॅरी व्हिटियर फ्रीस (१८७९–१९५३) यांनी मांजराची आणि कुत्र्याची पिल्लं, ससे यांना कपडे घालून घरकाम करताना दाखवलं. पोस्टकार्डं, कॅलेंडरं आणि मुलांच्या पुस्तकांतून हे फोटो घरोघरी गेले. त्या काळी एका फोटोसाठी सुमारे १/५ सेकंद लागायचा. तेवढ्यात पिल्लू हललं की फोटो पुसट. अनेक निगेटिव्ह वाया जायच्या आणि हे काम इतकं दमवणारं होतं की फ्रीस ते वर्षातले काही महिनेच करत. प्राण्यांशी आपण कायम प्रेमाने आणि संयमाने वागतो, असं त्यांनी लिहून ठेवलं आहे. पण पिल्लं उभी राहावीत म्हणून त्यांच्या ताठ कपड्यांचाच आधार घेतलेला असायचा. त्यामुळे आज ते फोटो बघताना हसूही येतं आणि ‘बिचाऱ्या पिल्लाचं काय होत असेल?’ हा प्रश्नही पडतो.

हा प्रश्न आणखी ठळक होतो तो फिलिप हाल्समन यांच्या १९४८ मधल्या ‘दाली अटॉमिकस’ या प्रसिद्ध फोटोत. त्यात चित्रकार साल्वादोर दाली हवेत उडी मारलेले दिसतात, सोबत पाण्याची धार आणि तीन मांजरं, तीही हवेत. कॉम्प्युटरवर फोटो जुळवायची सोय नव्हतीच. मदतनीस खरोखर मांजरं आणि बादलीभर पाणी फेकत होते. मनासारखी फ्रेम मिळेपर्यंत हे पंचविसाहून अधिक वेळा झालं. फोटो इतिहासात गेला, पण आज कोणी असा फोटो काढून ‘कसा वाटला?’ असं विचारलं, तर आपण सगळ्यात आधी प्रकाशयोजनेबद्दल बोलणार नाही.

याच्या उलट उदाहरण विल्यम वेगमन या अमेरिकी कलाकाराचं. १९७० मध्ये त्यांच्याकडे वायमरानर जातीचा कुत्रा आला. त्याचं नाव त्यांनी मॅन रे ठेवलं. ते स्टुडिओत काम करत असताना तो मध्ये मध्ये यायचा, म्हणून त्यालाच फोटोत आणि व्हिडिओत घ्यायला सुरुवात झाली. वेगमन यांचे फोटोही जुळवलेलेच आहेत. विग, कपडे, फर्निचर सगळं असतं. तरी त्यातला कुत्रा शांत आणि कामात गुंतलेला दिसतो. म्हणजे ‘प्राण्याला सजवून फोटो काढणं’ हेच मुळात चूक, असं म्हणता येत नाही. फरक पडतो तो प्राण्याची त्या खेळाला किती तयारी आहे, याने.

पण मुळात हसू का येतं?

मानसशास्त्रज्ञ पीटर मॅकग्रॉ आणि कॅलेब वॉरन यांनी २०१० मध्ये विनोदाबद्दल एक सोपी मांडणी केली. एखादी गोष्ट नेहमीची चौकट मोडते आणि त्याच वेळी ती निरुपद्रवी आहे असंही आपल्याला वाटतं, तेव्हा हसू येतं. दोन्हीपैकी एक जरी गळलं तरी विनोद फसतो.

मांजर पेपर वाचत नाही. ते पेपर वाचताना दिसलं की चौकट मोडते. त्यात कोणाचं काही बिघडत नाही, म्हणून आपण हसतो. पण तेच मांजर घाबरून जमिनीला चिकटलंय, हे ध्यानात आलं की ‘निरुपद्रवी’ हा भाग निघून जातो आणि हसू मावळतं.

प्राण्याची सोय बघणं म्हणजे विनोदाच्या आड येणं, असं अनेकांना वाटतं. या मांडणीनुसार ते उलटं आहे. प्राणी मजेत असणं हा विनोदाचाच अर्धा भाग आहे. म्हणून अभिप्राय देताना क्रम असा ठेवायचा : आधी प्राणी, मग गंमत, मग फोटोचं तंत्र.

पायरी १ : आधी प्राणी बघा

टोपी, चष्मा, फेटा यांवर क्षणभर बोट ठेवा आणि उरलेला प्राणी बघा. तो कसा आहे?

कुत्रा असेल तर या खुणा शोधा. मान एकीकडे वळवलेली पण नजर दुसरीकडे, त्यामुळे डोळ्याच्या कडेला पांढरा भाग चंद्रकोरीसारखा दिसतोय का? कान मागे चिकटलेत का? शेपूट पायांत गेली आहे का? समोर खाऊ नसताना तो ओठ चाटतोय का, झोप आलेली नसताना जांभई देतोय का? यातली एकच खूण एकदाच दिसली म्हणून लगेच निष्कर्ष काढायचा नाही. पण दोन-तीन एकत्र दिसल्या तर कुत्रा अस्वस्थ आहे, असं धरून चालावं. तोंड उघडं आणि जीभ बाहेर म्हणजे तो हसतोय, असंही दरवेळी नसतं. कुत्रा अंगातली उष्णता मुख्यतः धापा टाकूनच बाहेर टाकतो. मे महिन्यात नागपूरला जरीचा अंगरखा घातलेला पग ‘हसताना’ दिसला, तर तो बहुधा उकाड्याने हैराण झालेला असतो. चपट्या नाकाच्या जातींना तर हा त्रास जास्तच.

मांजराच्या बाबतीत कान सगळ्यात जास्त बोलतात. कान आडवे किंवा मागे सपाट झाले असतील, बाहुल्या उजेडातही मोठ्या असतील, शेपूट अंगाशी घट्ट किंवा फटाफट आपटत असेल, तर ते वैतागलंय किंवा घाबरलंय. कपडे घातल्यावर काही मांजरं जागच्या जागी थिजतात किंवा एका कुशीवर धप्पकन पडतात. लोकांना ते ‘नाटकी’ वाटतं. खरं तर अंगावर आलेल्या त्या दाबामुळे त्याला हालचाल करणं नको झालेलं असतं.

ससा हा सगळ्यात फसवा. पाठीवर झोपवला की तो पाय वर करून गप्प पडून राहतो, आणि आपल्याला वाटतं तो लाडात आलाय. शिकारी प्राण्याच्या तावडीत सापडल्यावर निपचित पडण्याची ही भीतीतून येणारी प्रतिक्रिया आहे. सशाला उताणं ठेवून काढलेला कुठलाही फोटो, मग तो कितीही गोड असो, ‘पुढच्या वेळी असं नको’ या यादीतच जातो.

‘मी चप्पल खाल्ली’ पाटीवाल्या कुत्र्याचं काय?

हा प्रकार तुम्ही नक्की पाहिला असेल. कुत्र्याच्या गळ्यात पुठ्ठ्याची पाटी, ‘मी बाबांची कोल्हापुरी खाल्ली’, आणि कुत्र्याचा चेहरा एकदम पडलेला. २०१२ च्या सुमारास इंटरनेटवर ‘डॉग शेमिंग’ नावाने ही लाट आली आणि अजून ओसरलेली नाही.

या फोटोतला विनोद उभा असतो तो कुत्र्याच्या ‘अपराधी’ चेहऱ्यावर. पण तो चेहरा अपराधी असतो का? न्यूयॉर्कच्या बर्नार्ड कॉलेजमधल्या संशोधक अलेक्झांड्रा होरोविट्झ यांनी २००९ मध्ये १४ कुत्र्यांवर एक प्रयोग प्रसिद्ध केला. मालकाने कुत्र्याला खाऊ खायला मनाई करायची आणि खोलीबाहेर जायचं. परत आल्यावर, कुत्र्याने तो खाल्ला की नाही हे त्याला सांगितलं जायचं. यातली मेख अशी की काही वेळा मुद्दाम खोटं सांगितलं जायचं. त्यामुळे खाऊला तोंडही न लावलेल्या काही कुत्र्यांना बोलणी बसली.

निष्कर्ष काय निघाला? ‘अपराधी’ चेहरा आणि कुत्र्याने खरंच केलेला अपराध यांचा मेळ बसला नाही. मेळ बसला तो मालकाच्या रागावण्याशी. नजर चुकवणं, कान पाडणं, अंग आकसून घेणं ही त्याची समोरच्याला शांत करण्याची धडपड असते.

म्हणून असा फोटो अभिप्रायासाठी समोर आला, तर एक साधा प्रश्न विचारता येतो : “फोटो काढायच्या आधी त्याला रागावला होतात का?” उत्तर ‘नाही, तो असाच झोपाळू आहे’ असं आलं, तर प्रश्न मिटला. ‘हो, जाम ओरडलो’ असं आलं, तर सुचवण्यासारखंही बरंच आहे. गळ्यातली पाटी काढा, कुरतडलेली कोल्हापुरी त्याच्यासमोर ठेवा आणि शेपूट हलवत असलेला, अजिबात पश्चात्ताप नसलेला कुत्रा टिपा. चप्पल खाऊन वर खुशीत असलेला कुत्रा रडवेल्या कुत्र्यापेक्षा जास्त हसवतो.

पायरी २ : आजूबाजूच्या वस्तू बघा

जुळवलेल्या फोटोत वस्तू मुद्दाम ठेवलेल्या असतात, त्यामुळे त्याबद्दल बोलणं सोपं असतं. काही गोष्टी मात्र नजरेआड करू नयेत.

कुत्र्याच्या वाढदिवसाच्या फोटोत चॉकलेट केक नको. चॉकलेट कुत्र्यांना विषारी ठरतं. द्राक्षं आणि मनुका कुत्र्यांच्या मूत्रपिंडाला घातक ठरू शकतात, म्हणजे मनुका घातलेला लाडू पंजात ठेवण्याआधी दोनदा विचार हवा. कांदा-लसूण कुत्रा आणि मांजर दोघांनाही चालत नाही. मांजराशेजारी लिलीच्या फुलांचा गुच्छ दिसला, तर फोटोचं कौतुक नंतर करा, आधी गुच्छ हलवायला सांगा. खऱ्या लिलीची फुलं, पानं, अगदी परागकणही मांजराच्या जिवावर बेतू शकतात. पेटती पणती, गळ्याभोवती घट्ट दोरा, केसांना लावलेला रंग, कानांवरून घट्ट बसलेली टोपी, हेही याच यादीतलं.

फोटोत लहान बाळ असेल तर आणखी बारकाईने बघा. बाळाला कुत्र्याच्या पाठीवर ‘घोडा घोडा’ करून बसवणं किंवा त्याचं तोंड कुत्र्याच्या चेहऱ्याला टेकवणं, हे फोटोत गोड दिसतं. पण कितीही गरीब कुत्रा असला तरी वेदना झाली किंवा घाबरला तर तो चावू शकतो, आणि बाळाचा चेहरा तेव्हा त्याच्या तोंडाशीच असतो.

शेवटचा मुद्दा कायद्याचा. पिंजऱ्यातल्या हिरव्या पोपटाला गांधी टोपी घालून काढलेला फोटो कितीही गमतीदार असला, तरी आपल्याकडचा हा पोपट वन्यजीव संरक्षण कायदा, १९७२ खाली संरक्षित आहे. तो घरी पाळता येत नाही. स्टार कासवाचंही तसंच. असा फोटो स्पर्धेला पाठवण्याचा सल्ला देण्याआधी हे सांगणं म्हणजे मैत्रीच आहे.

पायरी ३ : गंमत पोहोचतेय का?

प्राणी मजेत आहे, वस्तू धोक्याच्या नाहीत, मग पुढचा प्रश्न : विनोद एका नजरेत कळतोय का?

फसलेल्या फोटोंमध्ये बहुतेकदा एकच गोष्ट आढळते, ती म्हणजे गर्दी. मांजराला चष्मा, टोपी, टाय, समोर पेपर, बाजूला चहाचा कप, मागे लॅपटॉप. मांजर ऑफिसला निघालंय की रिटायर झालंय, तेच कळत नाही. अशा वेळी ‘काय काढून टाकता येईल?’ हा सगळ्यात कामाचा प्रश्न. नुसतं पेपरवर बसलेलं मांजर आणि शेजारी वाफाळता कप एवढ्यानेच ‘सकाळ’ उभी राहते.

दुसरं म्हणजे, प्राण्याची मूळ सवय आणि विनोद जुळतोय का? मांजर पेपरवर बसतंच. लॅब्रॉडॉर स्वयंपाकघराच्या दारात ठाण मांडतोच. त्या सवयीभोवती प्रसंग रचला की प्राण्याला काही ‘करायला’ लावावं लागत नाही आणि फोटोही खरा वाटतो. ओढून ताणून आणलेली पोझ बघणाऱ्याला जाणवते. प्राण्याला धरून ठेवणारा हात फ्रेमच्या कडेला दिसत असेल, तर जाणवतेच.

तिसरं, फोटोखालची ओळ. फोटोत दिसतं तेच ओळीत सांगितलं (‘आमची मनी पेपर वाचताना’) तर भर पडत नाही. ‘आधी राशिभविष्य, मग दूध’ अशी ओळ आली की मनीला स्वभाव मिळतो. पॉइंटर यांना दीडशे वर्षांपूर्वी कळलेली ही गोष्ट आजही तेवढीच लागू आहे.

पायरी ४ : फोटो म्हणून कसा आहे?

तंत्राबद्दल बोलायला कॅमेऱ्याचा कोर्स केलेला असावा लागत नाही. चार गोष्टी पुरतात.

*डोळे.* प्राण्याच्या फोटोत इतर काही पुसट चालेल, डोळे स्पष्ट हवेत. फोकस चष्म्याच्या काचेवर गेला आणि डोळे धूसर राहिले, असं फार वेळा होतं.

*उंची.* उभ्याने, वरून खाली काढलेल्या फोटोत प्राणी पायपुसण्यासारखा दिसतो. जमिनीवर बसून किंवा पालथं पडून त्याच्या डोळ्यांच्या पातळीवर कॅमेरा नेला की तोच प्राणी फोटोचा नायक होतो.

*उजेड.* खिडकीतून बाजूने येणारा उजेड सगळ्यात चांगला. मांजरामागे खिडकी असेल तर त्याचा चेहरा काळवंडतो. फ्लॅश टाळलेला बरा, कारण कुत्र्या-मांजरांच्या डोळ्यांत दृष्टिपटलामागे प्रकाश परतवणारा थर असतो. त्यामुळे फ्लॅशमध्ये डोळे हिरवे-पिवळे चमकतात आणि पेपर वाचणारी मनी एकदम हडळ दिसू लागते. काळ्या कुत्र्याचा तर नुसता काळा डाग होतो. मोबाइलवर त्याच्या चेहऱ्यावर बोट टेकवून उजेड थोडा वाढवला की केसांचा पोत दिसतो.

*मागची बाजू.* डोक्यामागून उगवलेला नळ, कोपऱ्यातला केराचा डबा, वाळत घातलेला टॉवेल. फोटो काढताना हे दिसत नाही, बघणाऱ्याला पहिल्यांदा तेच दिसतं.

आता एक पाचवी गोष्टही आली आहे. फोटो खरा आहे की एआयने बनवलेला, हे आधी विचारून घ्यावं. चित्र एआयचं असेल तर प्राण्याच्या देहबोलीवर बोलण्यात अर्थ नाही. आणि फोटो खरा असेल, तर काढणाऱ्याने तासभर जमिनीवर पालथं पडून घेतलेली मेहनत ‘एआय आहे का?’ या एका वाक्यात धुवून टाकू नये.

आता हे सगळं सांगायचं कसं?

‘आपला तो बाब्या, दुसऱ्याचं ते कार्टं’ ही म्हण पाळीव प्राण्यांना तंतोतंत लागू पडते. आपल्या कुत्र्याबद्दल कोणी बोललेलं लागतं, आणि आपण काढलेल्या त्याच्या फोटोबद्दल बोललेलं दुप्पट लागतं.

अमेरिकी नृत्यदिग्दर्शक लिझ लर्मन यांनी १९९० मध्ये कलाकृतीवर अभिप्राय देण्याची चार टप्प्यांची पद्धत तयार केली. ती नाटक-नृत्याच्या तालमीत वापरली जाते, पण मांजराच्या फोटोलाही चपखल बसते. आधी बघणाऱ्याने आपल्याला काय भावलं, काय लक्षात राहिलं ते सांगायचं. मग कलाकाराने प्रश्न विचारायचे. मग बघणाऱ्याने प्रश्न विचारायचे, पण त्यात टोमणा नको. आणि सगळ्यात शेवटी मत, तेही परवानगी घेऊन.

समजा, मावशीने चष्मेवाल्या बोक्याचा फोटो पाठवला आहे. संभाषण असं होऊ शकतं :

“मावशी, पेपरच्या कडेवर ठेवलेला त्याचा पंजा भारी आलाय. थेट आजोबा आठवले.”

“हो ना! पण चेहरा नीट दिसत नाहीये का रे?”

“थोडा काळवंडलाय. मागच्या खिडकीतून उजेड येतोय ना. चष्मा किती वेळ ठेवू दिला त्याने?”

“कसला ठेवतोय! दहा वेळा पाडला. अकराव्यांदा पटकन काढला फोटो.”

“एक सुचवू का? चष्मा नाकावर नकोच. पेपरवर, त्याच्या पंजाजवळ ठेव. वाचता वाचता काढून ठेवल्यासारखा दिसेल. बोकाही निवांत बसेल आणि तुलाही दहा वेळा वाकायला नको.”

या संवादात ‘प्राण्याला त्रास देऊ नकोस’ हे वाक्य कुठेच आलेलं नाही. तरी पुढच्या फोटोत बोका सुटला आहे आणि विनोदही आधीपेक्षा चांगला झाला आहे. मावशीच्या ‘दहा वेळा पाडला’ या उत्तरातच बोक्याचं मत कळलं होतं. ते कळायला आधी विचारावं लागलं, एवढंच.

काही शब्द मात्र टाळलेले बरे. ‘छान आहे, पण…’ यातलं ‘छान’ कोणाला ऐकू येत नाही. ‘मी असतो तर…’ ने सुरू होणारं वाक्य स्वतःबद्दलचं असतं. ‘प्रोफेशनल वाटत नाही’ यातून काय बदलायचं ते कळत नाही. ‘उजव्या कोपऱ्यातला डबा काढला तर नजर थेट मनीकडे जाईल’ यातून ते कळतं. आणि फोटो एखाद्या शाळकरी मुलाने काढला असेल, तर सुचवणी एकच द्यावी. त्याला पुन्हा फोटो काढावासा वाटला पाहिजे.

प्राणी खरंच त्रासात दिसला तर?

इथे दोन टोकं टाळायची असतात. एक, सगळे हसतायत म्हणून आपणही हसून पुढे जाणं. दोन, सगळ्यांसमोर ‘तुम्ही क्रूर आहात’ असं सुनावणं. पहिल्याने प्राण्याचं काही भलं होत नाही. दुसऱ्यानेही होत नाही, कारण समोरचा माणूस मग प्राण्याबद्दल ऐकत नाही, स्वतःची बाजू मांडत बसतो. बहुतेक लोक प्राण्यावर जीव लावणारेच असतात. त्यांना फक्त ती खूण वाचता आलेली नसते.

म्हणून ग्रुपवर नको, वैयक्तिक मेसेज किंवा फोन करा. माणसाबद्दल न बोलता फोटोत दिसणाऱ्या खुणेबद्दल बोला. “काका, शेरूचे कान मागे गेलेत आणि डोळ्याचा पांढरा भाग दिसतोय. त्याला फेटा घट्ट होतोय का? उपरणं नुसतं अंगावर टाकून बघा, तेवढ्यानेही तो रुबाबदार दिसेल.” धोका तातडीचा असेल, म्हणजे बाळ कुत्र्याच्या पाठीवर असेल किंवा मांजराशेजारी लिली असेल, तर मात्र शब्द जुळवत बसू नका. थेट फोन करा.

कायद्याचा विचार केला तर प्राण्यांना क्रूरतेने वागवण्यास प्रतिबंध करणारा १९६० चा कायदा आपल्याकडे आहे. पण त्यातल्या कलम ११ नुसार पहिल्या गुन्ह्याला दंड आहे १० ते ५० रुपये. शिवाय घट्ट फेटा किंवा वैतागलेलं मांजर हा काही पोलिसात जाण्याचा मामला नसतो. अशा लहानसहान त्रासात प्राण्याच्या बाजूने बोलणारं कोणी असेल, तर ते फोटो बघणारे आपणच.

पण एका कमेंटने काय फरक पडतो?

पडतो, आणि त्याचा अभ्यासही झालेला आहे. २००९ मध्ये स्लो लोरिस या मोठ्या डोळ्यांच्या छोट्या प्राण्याला गुदगुल्या केल्याचा एक व्हिडिओ जगभर पसरला. लोरिस दोन्ही हात वर करून बसलेला दिसतो आणि बघणाऱ्याला वाटतं, त्याला मजा येतेय. पण हात वर करणं ही लोरिसची बचावाची पोझ आहे. त्याच्या दंडाजवळ ग्रंथी असतात. त्यातला स्राव लाळेत मिसळला की त्याचा चावा विषारी होतो. म्हणजे ज्याला आपण गुदगुल्या समजून हसत होतो, तो प्राणी हल्ल्याला तोंड देण्याच्या तयारीत होता.

ब्रिटनमधल्या ऑक्सफर्ड ब्रुक्स विद्यापीठाच्या अ‍ॅना नेकारिस आणि सहकाऱ्यांनी या व्हिडिओखालच्या १२ हजारांहून अधिक प्रतिक्रिया तपासल्या आणि २०१३ मध्ये निष्कर्ष प्रसिद्ध केले. ‘मला असा एक पाळायला हवा’ म्हणणारे त्यात भरपूर होते. ही इच्छाच लोरिसच्या बेकायदा व्यापाराला खतपाणी घालते. पण जसजशी लोरिसबद्दलची खरी माहिती लोकांपर्यंत पोहोचत गेली, तसतसा प्रतिक्रियांचा सूरही बदलला. हा प्राणी संकटात आहे, त्याचा व्यापार बेकायदा आहे, असं लिहिणाऱ्यांचं प्रमाण वाढलं.

आपल्या ग्रुपवर लोरिस येणार नाही. तिथे मावशीचा बोका आणि काकांचा शेरूच येणार. पण गणित तेच आहे. ज्या फोटोला दाद मिळते, तसाच पुढचा फोटो काढला जातो. घाबरलेल्या बोक्याला ४० हसऱ्या इमोजी मिळाल्या, तर उद्या त्याच्या डोक्यावर टोपी येईल. पेपरवर निवांत पसरलेल्या, शेजारी चष्मा काढून ठेवलेल्या बोक्याला कोणी ‘पंजा भारी आलाय’ असं नेमकं लिहिलं, तर मावशी उद्या पुन्हा खिडकीच्या उजेडात, जमिनीवर पालथी पडून त्याच्या पंजाची वाट बघत बसेल.